चोविसावा नट

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास न्हाई, असंच ना उस्ताद?"

बाबालाल उस्ताद चाकाजवळ उकिडवा बसला होता. हातात छोटी हातोडी, कान नटाकडं.

टिंग.

पुढचा नट. टिंग.

त्या जीपची चाकं मी बसवली होती. नट मी आवळले होते. गाडीचा मालक शेजारी उभा राहून माझ्याकडं बघून हसत होता. शाळेत मास्तर पोराची वही तपासताना दुसरं पोरगं हसतं ना, तसं.

"ठरल्याइतकं आवळलं की पाना टक्क म्हणतो उस्ताद. टक्क म्हणलं की झालं. किती आवळायचं त्याचा आकडा कंपनीनंच दिलाय. मग हे देवळातल्या घंटेगत वाजवत कशाला बसायचं?"

"ऐकतोय."

"काय ऐकू येतं?"

"घट्ट नट गातो. ढिला नट खोकतो."

मालक आणखी हसला.

टिंग.

आमचं गॅरेज हेळ्याच्या घाटाच्या पायथ्याला. वर सात वळणं. चौथ्या वळणापर्यंत डांबर, पुढं नुसता कातळ आणि डाव्या हाताला दरी. त्यामुळं आमच्याकडं येणाऱ्या गाड्या सगळ्या धिप्पाड. मोठी चाकं, उंच बूड. आणि चाकाला हात लागला की उस्तादचे दोन नियम. एक, प्रत्येक नट वाजवायचा. दोन, ज्यानं चाक बसवलं त्यानं त्याच गाडीत बसून ओढ्यापर्यंत एक फेरी मारायची, परत यायचं, आणि सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे.

दोन वर्षं मी त्याच्याकडं. दोन वर्षं हेच.

"दोन वर्षांत माझा एक तरी ढिला नट सापडला का तुम्हाला?"

"न्हाई."

"एक बी?"

"एक बी न्हाई."

"मग!"

टिंग.

त्या टिंगलाच मी ठरवलं. ह्याला एकदा ढिला देऊन बघायचा. खोकला ऐकू येतो का बघू.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी केंगार मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर. वरच्या धनगरवाड्यांवर म्हशी-शेळ्या बघायला त्याच जातात, दुसरं कोण जात नाही. कातळावर आपटून त्यांच्या गाडीच्या जुन्या रिमा वाकल्या होत्या. म्हणून त्यांनी शहरातून नवीन अलॉयची चाकं आणली होती. रुंद टायर चढवलेली. सोबत एक डबा, त्यात काळे चकचकीत नट.

"लवकर करा हं बाबालालभाई," त्या म्हणाल्या. "मागं लशीची पेटी आहे. बर्फ आताच अर्धा झालाय. वाड्यावर चाळीस म्हशी बांधून ठेवल्यात आणि म्हशींपेक्षा माणसं जास्त हंबरतायत."

उस्तादनं डबा माझ्याकडं सरकवला.

"बघ."

मी एक नट उचलला. बूड बघितलं. चाकाच्या भोकात बोट घालून फिरवलं.

"हे चालणार न्हाईत मॅडम."

"का? नवे कोरे आहेत. दुकानदार म्हणाला, हेच लागतात."

"ह्याचं बूड गोल आहे, चेंडूगत. भोक सरळ उतरतंय, नरसाळ्यागत. हे नुसतं एका रेघेवर टेकणार. इथं घट्ट वाटेल, कातळावर सुटेल."

"मग माझे जुने लावा."

"ते सपाट, वायसरवाले. ते तर टेकणार बी न्हाईत."

मॅडमनी उस्तादकडं बघितलं. उस्ताद छपराकडं बघत होता.

मी आमचा ट्रे काढला. निमुळत्या बुडाचे दोन जातीचे नट होते. दिसायला सख्खे भाऊ. फरक आट्यांत, एकाचे बारीक, एकाचे जाड. एक बोल्टवर धरला, बोटानं फिरवला. दोन फेऱ्यांत अडला. जोर केला असता तर गेला पण असता, आणि आटे खाऊन गेला असता. ठेवून दिला. दुसरा घेतला. नुसत्या बोटानं मुळापर्यंत गेला, लोण्यात सुरी जावी तसा.

"हे. चोवीस."

"हं," उस्ताद म्हणला.

दोन वर्षांत ह्याच्यापेक्षा मोठं कौतुक त्यानं केलेलं मला आठवत नाही.

मग मी कामाला लागलो. आणि खरं सांगतो, तसं काम मी आधी कधी केलं नव्हतं. चाक जिथं टेकतं त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला. आट्यांना तेलाचा थेंब लागू दिला नाही. तेल लागलं की पाना खोटं बोलतो. सगळे नट आधी हातानं चढवले. मग समोरासमोरचे थोडे थोडे ओढत आणले, म्हणजे चाक सरळ बसतं. मग गाडी खाली घेतली आणि टक्कवाला पाना लावला.

टक्क. टक्क. टक्क.

चार चाकं, प्रत्येकाला सहा. तेवीस टक्क झाले.

चोविसावा मागच्या डाव्या चाकाचा. मी तो पाव फेरा उलटा फिरवला, बोटानं फिरेल इतका सोडला, आणि टक्क जिभेनं काढला.

हुबेहूब आला. मलाच हसू आलं.

"उस्ताद!" मी हाक मारली. "वाजवा!"

उस्ताद हातोडी घेऊन आला. पुढच्या उजव्या चाकाजवळ बसला. मी त्याच्या मागं उभा. मागच्या डाव्या चाकापर्यंत त्याला पोचायला पाच मिनिटं लागणार होती. त्यानं वाजवलं आणि कळलं नाही, तर मॅडमसमोर मी वाकणार, दोन बोटांनी नट काढून त्याच्या हातावर ठेवणार, आणि म्हणणार, "हा खोकला न्हाई वाटतं उस्ताद?" वाक्य पाठ केलेलं.

त्यानं हातोडी उचलली.

आणि तशीच धरली…

मग उठला. हातोडी नेऊन फळीवर ठेवली.

"आज न्हाई."

"…न्हाई म्हणजे?"

"वाजवत न्हाई. तुझं काम आहे."

मी फळीवरची हातोडी उचलून त्याच्यापुढं धरली.

"असं कसं उस्ताद? नियम आहे की."

"दोन वर्षं झाली. एक बी ढिला न्हाई. काल तूच म्हणलास." तो मॅडमकडं वळला. "जावा मॅडम. बर्फ वितळतोय."

"फेरी?" मी म्हणलो. "ओढ्यापर्यंत फेरी मारू. मी बसतो."

"फेरी बी नको."

"मारतो की! पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत पेटीत नुसतं पाणी उरेल," मॅडम म्हणाल्या. त्या गाडीत बसल्या पण होत्या.

"मग मी… एकदा सगळ्यांना पाना लावून बघतो."

उस्तादनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कशानंच नाही.

"का? टक्क म्हणला न्हाई?"

बघा, तिथं बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण मॅडम खिडकीतून बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर ते हसू नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुठलं गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसत नव्हतं.

"…म्हणला."

"सगळे?"

"सगळे."

"झालं तर."

मॅडमनी गाडी चालू केली.

"नाव काय रे तुझं?"

"संग्राम."

"नाव लक्षात ठेवा मॅडम," उस्ताद म्हणला. "वाड्यावर कुणी विचारलं चाकं कुणी बसवली, तर सांगा. संग्राम मिस्त्री."

मिस्त्री.

हा शब्द ऐकायला मी दोन वर्षं लोकांच्या गाड्यांखाली लोळलो होतो.

गाडी निघाली. मागचं डावं चाक माझ्यासमोरून गेलं. सहाही नट फिरताना एकसारखे चमकत होते.

*

"चहा घे," उस्ताद म्हणला.

घेतला. गरम आहे का गार, कळलं नाही.

घाटातून गाडीचा आवाज येत होता. पहिलं वळण. गिअर बदलला. दुसरं.

मी फोन लावला. लागला नाही. घाटात कधीच लागत नाही, मला माहीत होतं. तरी लावला. परत लावला.

"कुणाला लावतोस?"

"…घरी."

उस्ताद बशीत चहा ओतून फुंकत होता.

"उस्ताद, एक विचारू?"

"हं."

"सहातला एखादा नट… समजा नसलाच. चाक राहतं?"

"राहतं."

माझा जीव भांड्यात पडला.

"किती वेळ?"

"डांबरावर बराच."

"आणि कातळावर?"

उस्तादनं बशी तोंडाला लावली. सावकाश प्यायला. तोंड पुसलं.

"एकाचा भार पाचांवर जातो. मग पाचातला एक दमतो. मग चाक हलाय लागतं. हललं की बाकीचे दमायला वेळ लागत न्हाई."

"बाईला कळेल की आधी. आवाज येईल. स्टेअरिंग…"

"मागचं चाक असलं तर उशिरा कळतं."

मी त्याच्याकडं बघितलं. मागचं मी म्हणलो नव्हतो.

तो बशी विसळत होता.

वर तिसऱ्या वळणावर गाडीचा आवाज दबला.

मी टक्कवाला पाना उचलला आणि पळालो.

*

घाटाचा रस्ता लांबून फिरून चढतो. शेळ्यांची पायवाट मधून सरळ जाते, छातीवर आल्यागत चढ आहे. मी ती हातापायांनी चढलो. करवंदाच्या जाळीनं शर्ट फाडला. एकदा पाना हातातून निसटला, घरंगळत खाली गेला. परत उतरलो, घेतला, परत चढलो.

गाडीचा आवाज कधी उजवीकडनं यायचा, कधी डोक्यावरनं. एकदा एकदम बंद झाला.

मी तिथंच थांबलो.

काही नाही… काही नाही… मग परत गिअर पडला.

इतका वेळ मी देवाला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही.

चौथ्या वळणाच्या वर मी रस्त्यावर आलो तेव्हा गाडी पन्नास पावलांवर होती. डांबर संपलेलं. चाकं कातळावर चढत होती, एक वर, एक खाली. डाव्या बाजूला नुसतं आभाळ.

मी हात पसरून रस्त्यात उभा राहिलो.

मॅडमनी ब्रेक दाबला. बारीक खडे सुटून दरीत गेले. खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

"मरायचंय का तुला?" मॅडम ओरडल्या.

मला बोलता येईना. श्वास पुरत नव्हता. मी नुसतं पान्यानं मागच्या चाकाकडं दाखवलं.

"काय झालं?"

"डावं… मागचं. एक नट… आवळलेला न्हाई."

त्या बघत राहिल्या.

"विसरलास?"

सुटायची वाट त्यांनीच दाखवली होती. व्हय म्हणलं की झालं. विसरणं माणसाला माफ असतं. चोविसातला एक विसरला, वर पळत आला, उलट शाबासकी. मिस्त्री तो मिस्त्रीच.

"विसरलास का रे?"

"…न्हाई."

"मग?"

"मुद्दाम ठेवला."

मॅडम खाली उतरल्या. डावीकडं जेमतेम पाय ठेवायला जागा होती, जपून फिरून आल्या. चाकाजवळ आल्या. एकदा चाकाकडं बघितलं, एकदा चाकाच्या पलीकडं, जिथं रस्ता संपत होता.

"का?"

"उस्तादला फसवायचं होतं. तो वाजवणार आणि त्याला कळणार न्हाई, असं… आणि त्यानं वाजवलंच न्हाई."

मला वाटलं थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"गाडीत मी होते," त्या म्हणाल्या.

एवढंच.

मी खाली बसलो. नटाला बोट लावलं. दोन आट्यांवर उरला होता. पुढच्या धक्क्यात गेलाच असता.

दोन्ही हातांनी धरला. चढवला. पाना लावला. ओढला.

टक्क.

ह्या वेळी पान्याचा.

"झालं मॅडम," मी म्हणलो. मान वर केली नाही. "आता जावा. बर्फ…"

खालच्या वळणावरनं उस्तादच्या जुन्या मोपेडचा आवाज आला.

ती मोपेड घाटात माणसाच्या चालीनं चढते. आम्ही दोघं तिची वाट बघत राहिलो. मॅडमनी मागचं दार उघडून पेटीत हात घातला आणि बंद केलं.

उस्ताद आला. मोपेड दगडाला टेकवली. मागच्या कॅरिअरला जॅक बांधलेला होता. सोबत लाकडाचा ठोकळा. दोरीला नीट तीन गाठी. घाईत मारलेल्या नव्हत्या त्या.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"व्हय."

तो गाठी सोडायला लागला.

"उस्ताद… तुम्हाला माहीत होतं?"

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली.

"पाना तेवीसदा बोलला. चोविसाव्याला जीभ बोलली."

"माहीत असून तुम्ही मॅडमना…"

"बाबालालभाई," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज गार होता. "ह्याचं उत्तर मला पण हवंय."

"देणार," उस्ताद म्हणला. "तुमचं उत्तर माझ्यावर आहे. वर जाताना मी तुमच्याबरोबर बसतो. त्याच चाकाच्या वरच्या सीटवर. तिथं काय बोलायचं ते बोला, मी ऐकतो."

मॅडम गाडीत बसल्या नाहीत.

उस्ताद माझ्याकडं वळला.

"गाडी उचल. बाकीचे तेवीस सोड आणि परत बसव."

"हितं? आता?" मी म्हणलो. "उस्ताद, नको हो. तास जाईल. पेटीतला बर्फ संपत आलाय, वर म्हशी बांधल्यात. मला पाहिजे ती शिक्षा द्या, पण खाली गेल्यावर. बाकीचे घट्ट आहेत."

"घट्ट आहेत?"

"शपथ. एकूण एक टक्क म्हणलाय."

उस्तादनं जॅक माझ्या पायाशी ठेवला.

"कोण म्हणतंय?"